लोणच्याच्या बरणीखालचं पान

आमच्या घरी कॅमेऱ्यांची पंगत आधी बसते, माणसांची नंतर. तक्रार म्हणून सांगत नाही हो. तक्रार करायचं मी केव्हाच सोडलं, कारण ज्याच्यापुढे करायची तो माणूस भिंगातून भलतीकडेच बघत असायचा.

तो माणूस म्हणजे आमचे हे, आत्माराम नेवरेकर. मुंबईत एका छापखान्यात कॅमेरा खात्यात होते. तिथला कॅमेरा खोलीएवढा, त्यावर छापायच्या पानांच्या फिल्म काढायच्या. पुढे कॉम्प्युटर आले, तो कॅमेरा भंगारात गेला आणि हे घरी आले. पण नाद काही गेला नाही. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये बेडरूमची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाने व्यापलेली, आणि त्यात ओळीने जुने कॅमेरे. वसईची दमट हवा, भिंगांना बुरशी लगेच धरते. एकदा मी तांदूळ काढायला पिंपात हात घातला तर हाताला भिंग लागलं. म्हणे तांदूळ ओल शोषतो. त्यानंतर महिनाभर यांना मी चपात्याच वाढल्या. मग भिंगं उन्हाळाभर खिडकीत उन्हाला बसायला लागली, पापडांच्या शेजारी.

कॅमेरे एकवेळ परवडले, मासिकांनी मात्र जीव नकोसा केला. फाउंटनच्या फुटपाथवरून, रद्दीच्या दुकानांतून, कुणी मेलं की त्याच्या मुलाकडून, हे जुनी फोटोग्राफीची मासिकं उचलून आणायचे. इंग्रजी, गुजराती, दोनचार तर जर्मन. जर्मन कोण वाचणार, तर म्हणे चित्रं कळतात. यांचं म्हणणं असं की कॅमेरा विकत घ्यायला पैसे पुरतात, ओळखायला मासिक लागतं. फोनवर एकाने चूक लिहिली की शंभर जण तीच उतरवून घेतात. छापणाऱ्याला निदान प्रुफं तपासताना दोनदा वाचावं लागायचं. देशभरातल्या अशाच नादिष्टांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी लुधियानाहून फोटो टाकतो, हे कोणत्या सालचं, आणि आमचे हे आंघोळ सोडून अंक काढून बसतात.

एकाच अंकाच्या दोन प्रती आल्या तर दुसरी माझी, असा आमच्यात करार होता. तो कागद फार चांगला, गुळगुळीत, तेल सांडलं तरी पुसलं की झालं. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीवर, प्रत्येक ड्रॉवरमध्ये तोच अंथरलेला. यांना ज्ञान, मला कागद, भांडण कशाला?

आमचा संकेत अंधेरीला नोकरीला. त्याचं लग्न झालं, सून आली क्षितिजा, विरारच्या बोळिंजची. मुलगी गुणी, पण भित्री. कॅमेऱ्यांची खोली आम्ही त्या दोघांना दिली. दिवस गेल्यावर तिची झोप उडाली, तेव्हा ती पडल्या पडल्या कपाटातले कॅमेरे मोजायची. सकाळी सांगायची, आई, आज दुसऱ्या ओळीतच डोळा लागला. यांना त्याचं कोण कौतुक. मला म्हणाले, बघ, तुला जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते तिला जमलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हॉलमध्ये सजवलेला झोपाळा. सगळ्यांचे फोटो फोनवर निघत होते, पण यांनी ठरवलेलं, सुनेचा एक फोटो जुन्या कॅमेऱ्यावर, फिल्मवर काढायचा. खास भिंग काढलं होतं, चोरबाजारातलं, काच म्हातारपणाने पिवळी पडलेली. म्हणाले, याच्यातून कातडी सोन्यासारखी येते. तिला झोपाळ्यावर बसवलं, कॅमेरा रोखला, आणि तेवढ्यात तिची धाकटी बहीण ज्ञानदा पुढे आली. तिने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक बाई तावातावाने सांगत होती की अशी जुनी पिवळी भिंगं किरणोत्सारी असतात, घरात गरोदर बाई असेल तर आजच बाहेर काढा.

क्षितिजा झोपाळ्यावरून उतरली. एकदा भिंगाकडे बघितलं, एकदा बेडरूमच्या दाराकडे. सात महिने ती त्या कपाटाकडे उसं करून झोपत होती. दोन्ही हात पोटावर. संध्याकाळी ती आईवडिलांबरोबर बोळिंजला गेली ती गेलीच. ओटी भरलेली तशीच पदरात.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सोनोग्राफी छान आहे, बाळ वाढतंय, उगाच घाबरू नका. पण भीतीला रिपोर्ट कुठे वाचता येतो? तिकडे ती जेवेना, झोपेना. इकडे संकेतने वडिलांना सांगितलं की ते सगळं घरातून गेलं पाहिजे, नाहीतर बाळ या घरात येणार नाही. आवाज चढवला नाही त्याने, म्हणून जास्त लागलं.

मला वाटलं हे आता चवताळतील. तर तसं काही झालं नाही. मग ते पिवळं भिंग रुमालात गुंडाळून बाहेर गॅलरीत ठेवून आले आणि हात धुतले. परत धुतले. ग्रुपवर विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणाला खाडीत टाका, एक म्हणाला सगळी अफवा, आणि एका महाभागाने लिहिलं, फार धोकादायक आहे, मला पाठवून द्या. यांना आठवत होतं की यावर एक लेख आपण वाचलाय, फोटोसकट. शोधशोध शोधला. पण ज्या वर्षी आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, त्या वर्षी मासिकांच्या खालच्या दोन ओळींचा लगदा झाला होता. तो अंक त्यातच गेला.

कपाटाशी पाठ करून बसले आणि मला म्हणाले, "मनोरमा, भिंग वाईट असलं तर टाकून देता येतं. पण चाळीस वर्षं मी घरात काय आणून ठेवतोय ते मलाच माहीत नव्हतं, याची भीती वाटते गं."

मेलं ते कपाट, त्याच्यावर मी आयुष्यभर दात ओठ खाल्ले. पण त्या दिवशी मला ते कपाट नको होतं असं नाही, मला यांचा तो चेहरा नको होता. जगातल्या प्रत्येक प्रश्नावर यांच्याकडे अंक असायचा. आता सुनेच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

बिल्डिंगमधल्या कल्पेशचा सातिवलीला छोटा कारखाना आहे. तो म्हणाला, काका, गोडाऊनच्या कोपऱ्यात ठेवा, भाडं नको. रविवारी टेम्पो यायचा ठरला. हे खोके आणून कॅमेरे भरायला लागले, एकेक कागदात गुंडाळून. मी मदतीला गेले नाही, मला बघवेना.

आदल्या दिवशी बोळिंजहून क्षितिजाचा निरोप आला. बोलणं बंद होतं, पण जिभेने दगा दिला. आई, तुमचं कैरीचं लोणचं पाठवाल का संकेतबरोबर? माझा जीव भांड्यात पडला, पोरगी काहीतरी खाणार म्हणून. स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी उचलली. खाली बरणीचा गोल डाग, आणि त्या डागात दोन भिंगांचा फोटो. एक स्वच्छ, एक पिवळं.

मी मॅट्रिक, इंग्रजी अडखळत वाचते. पण चित्रं मलाही कळतात. बरणी तशीच कडेवर घेऊन मी यांना हाक मारली. हे धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. पान बघितलं आणि तिथेच ओट्याला टेकून वाचायला लागले. पान संपलं, लेख संपला नाही. पुढचं पान कुठे? अहो, त्या दिवशी आम्ही दोघांनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. डाळींचे डबे खाली, पीठ खाली, चहासाखर खाली. दुसरं पान तेलाच्या डब्याखाली सापडलं, शेवटचं मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये, हळदीने माखलेलं.

हे वाचून मला मराठीत सांगत गेले. काच पिवळी दिसण्याची कारणं दोन. एकेकाळी काही कंपन्या काचेत खरंच किरणोत्सारी द्रव्य घालत, ती काच कालांतराने पिवळी पडते, उन्हात ठेवली की पुन्हा स्वच्छ होते. आणि दुसरं, दोन भिंगं एकमेकांना चिकटवायला झाडाचा चीक वापरत, तोही जुना झाला की पिवळा पडतो, त्यात भिण्यासारखं काही नसतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही. आणि खरंच तसं भिंग निघालं, तरी हातभर लांब गेलं की त्याचा जोर जवळजवळ उरत नाही. सगळ्यात शेवटी, हळदीच्या डागातून डोळे ताणून यांनी वाचलं: कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. जवळच्या कॉलेजात जा आणि मोजून घ्या.

लिहिणारा कोण होता देव जाणे. पण असं लिहिणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

कॉलेज म्हटल्यावर मला आठवली हेलन. तिची टिफनी आणि आमचा संकेत शाळेत एका वर्गात. फाटकाबाहेर डबे घेऊन आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं गप्पा मारल्यात. ती कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. फोन केला, ती म्हणाली असे किरण मोजायचं यंत्र आहे, सरांना विचारून आणते. पण एक अट घातली. मोजायचं ते मुलगी जिथे झोपत होती तिथेच, आणि तिच्या डोळ्यांदेखत.

रविवारी टेम्पो फाटकात आला, त्याला कल्पेशने थांबवून ठेवलं. संकेत क्षितिजाला घेऊन आला. पण ती घरात पाऊल ठेवायला तयार नाही. बेडरूमच्या खिडकीबाहेर, कंपाउंडमध्ये खुर्ची टाकून बसली, गजांना धरून. चेहरा अर्धा झाला होता पोरीचा.

हेलनने यंत्र सुरू केलं ते तिच्याशेजारी, बाहेर उघड्यावर. टक... टक टक... टक. क्षितिजा दचकली. हेलन म्हणाली, घाबरू नकोस, हे सगळीकडे वाजतं, जमिनीतून येतं, आभाळातून येतं, मी चर्चमध्ये नेलं तरी वाजेल. हा आवाज लक्षात ठेव, आत तसाच आहे का ते तूच सांग. मग आत आली, यंत्र उशीवर ठेवलं. टक टक... टक. क्षितिजाने खिडकीतून मान हलवली. आवाज बाहेरच्याएवढाच होता.

मग गॅलरीतून पिवळं भिंग आणलं. यांनी रुमाल सोडला. यंत्र त्याला टेकवलं. आवाज तितकाच. बिचारं चिकाने पिवळं झालेलं, आम्ही त्याला वाळीत टाकलं होतं. मग खोक्यांतून एकेक काढून हेलन मोजत गेली. आणि एका छोट्या, लखलखीत भिंगावर यंत्र कडकडायला लागलं. हे पांढरेफटक. खरं तसलं भिंग ते होतं, उन्हात बसून बसून त्याचा पिवळेपणा उडाला होता, पापडांच्या शेजारी. क्षितिजा उभी राहिली. हेलनने शांतपणे यंत्र मागे, मागे घेत आणलं. हातभर लांब आल्यावर कडकडाट विरला. उशीशी आल्यावर पुन्हा बाहेरचाच आवाज. तिने यंत्र पुष्कळ वेळ तिथेच ठेवून दिलं.

"तसाच आहे," क्षितिजा म्हणाली, आणि रडायला लागली. संकेत तिला धरायला गेला तर त्याचाच धीर सुटला.

हेलन म्हणाली, आता आलेच आहे तर सगळं घर मोजते. स्वयंपाकघरात माझ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं तर उशीपेक्षा दोन टक जास्तच. दगडात असतंच म्हणे थोडं. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "आता ओटा पण सातिवलीला पाठवू का? टेम्पो उभाच आहे."

बाहेरून हसू आलं. किती दिवसांनी ऐकलं ते. क्षितिजा हसत, नाक पुसत दारातून आत आली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, लोणचं कुठेय. बरणीतूनच खाल्लं तिने, उभ्याउभ्या. मी दुसरीकडे तोंड केलं आणि पदराने डोळे पुसले, मिरची लागल्याचं निमित्त करून.

कडकडणारं भिंग हेलन कॉलेजात घेऊन गेली, मुलांना प्रयोग दाखवायला. यांनी देताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. टेम्पो रिकामा गेला. फोटोही निघाला, त्याच पिवळ्या भिंगातून, फुलांच्या दागिन्यांऐवजी हातात लोणच्याची फोड. आणि ग्रुपवर यांनी त्या तीन पानांचे फोटो पाठवले. कोचीनच्या एकाने विचारलं, हा कडेचा तपकिरी डाग कशाचा, चिकाचा का? यांनी उत्तर दिलं, नाही, खाराचा.

क्षितिजाला मुलगी झाली. सव्वा महिन्याने बोळिंजहून लेकीला घेऊन ती घरी यायची होती. त्याआधी यांनी कुणाला न सांगता कपाट रिकामं केलं, कल्पेशला बोलावून हॉलमध्ये हलवलं. मी म्हटलं, मोजलं ना सगळं, आता काय? म्हणाले, मोजलं ते यंत्राने, तिच्या मनातलं कुणी मोजलं.

बाळंतीण आली, मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती खोलीत गेली आणि दारातच थांबली. भिंत मोकळी. मी ज्या भिंतीसाठी चाळीस वर्षं भांडले, ती अखेर मोकळी झाली होती, आणि काय सांगू, ओकीबोकी दिसत होती.

"बाबा, कपाट कुठंय?" तिने विचारलं. हे काहीतरी पुटपुटले, जागा, धूळ, बाळ. तिने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "परत आणा ना. रात्री ही झोपेपर्यंत मी काय मोजू?"

हे जागचे हलेनात. चष्मा काढून पुसत राहिले. मग मीच साडीचा पदर खोचला, हॉलमध्ये गेले आणि कपाटाची एक बाजू धरून म्हटलं, "चला, उचला."