नाओमीकडे कुणी बघायचं नाही

नाओमी आमच्याकडे आली तेव्हा शेतात सोयाबीन होतं की तूर, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. बायको म्हणते तूर. पण पुढे झालेला घोटाळा माझाच होता, यावर घरात एकमत आहे.

ती अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलगी, कॉलेजात शिकणारी. इथल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करायला एका सत्रासाठी अनसिंगला आमच्या घरी राहणार होती. मी समाजशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. म्हणजे काळजी करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. लोक तिच्याकडे टक लावून बघतील, रंगावरून काही बोलतील, केसांना हात लावतील, या धास्तीनं मला झोप येईना. शेवटी सगळ्या आळीला विहारात बसवून मी व्याख्यान दिलं. बघायचं नाही, विचारायचं नाही, उगाच घरी बोलवायचं नाही.

आता आमची आळी कशी, तर पाहुणा कुणाचाही असो, घरोघरी त्याचा चहा व्हायलाच हवा. पण पडला सरांचा शब्द. नाओमी गल्लीतून निघाली की बायका गहू निवडू लागत. पुढ्यात सूप नसलं तरी.

मी खूश. काय ही समज, काय ही शिस्त.

आठवड्यानं बघतो तर ती बॅग भरत होती. म्हणाली, "सर, मी परत जाते. इथं मी कुणालाच नकोय."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. शेजारच्या शांताबाई तिथंच होत्या.

"सर, पोरगी काहून रडून राह्यली?"

"तुम्ही कुणी तिच्याशी बोलत नाही म्हणून."

"तुमीच तं म्हनलं, बोलू नोका. आमच्या आजीसंग गाव असंच वागे. या पोरीनं काय केलं, थे तं सांगा."

माझी पीएच.डी. बहिष्कारावर आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

"तुमी आता काहीच बोलू नोका," असं मला बजावून बायको शांताबाईंना आत घेऊन गेली. शांताबाईंनी नाओमीच्या हाताशेजारी आपला हात धरला. "पाह्य व माय, मीच जास्त काळी निंगाली. चाल, चाय प्याले."

मी भाषांतरासाठी तोंड उघडेपर्यंत दोघी गल्लीत पोचल्या होत्या. त्या दिवशी नाओमीचे इतके चहा झाले, की ती जेवलीच नाही. आणि सत्र संपेपर्यंत राहिली.

काही वर्षांनी ती स्वतःचे विद्यार्थी घेऊन आली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "निघण्याआधी कॉलेजनं तुला काही सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं. लोक टक लावून बघतील, रंगाबद्दल विचारतील, केसांना हात लावतील. त्या सगळ्याची तयारी करूनच ती आली होती.

माझ्याबद्दल मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.