साडूने आखलेले झरोके

पत्रेवाल्याला जगात एकाच माणसाचं वावडं होतं, आणि नेमका तोच त्याचा साडू! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बोटींच्या कारखान्यात पत्रे कापण्यात याची निम्मी हयात गेली. साडू परवा इंजिनं बसवायला आला काय आणि मालकाच्या गळ्यातला ताईत झाला काय! घरी तरी सुख असावं? छे! सासूबाई यायच्या त्या धाकट्या जावयाचे गोडवे गायला. हा जेवता जेवता नुसता जळफळायचा.

त्यातच मालकाला मुख्य मिस्त्री नेमायचा होता, या दोघांतलाच एक. नव्या बोटीची चाचणी झाली की तो नाव सांगणार होता.

त्या बोटीच्या इंजिनखोलीत हवा घ्यायचे झरोके किती मोठे हवेत, ते साडूने ठरवलं. इंजिनाच्या ताकदीवरून हिशेब केला, खडूने चौकटी आखल्या आणि म्हणाला, "दादा, एवढं कापा." पत्रेवाल्याने माप बघितलं मात्र, मनात उकळ्याच फुटल्या. पाणी आत उडू नये म्हणून झरोक्यात तिरप्या पट्ट्या बसवतात, त्या निम्मी जागा खातात. शहाण्याने पट्ट्या हिशेबात धरल्याच नव्हत्या! एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. पण हा बोलतोय कशाला? मूग गिळून त्याने बरोब्बर मापात कापलं, वर कडाही घासून गुळगुळीत केल्या. पडू दे लेकाला तोंडघशी!

चाचणीत इंजिनाने वेग घेतला आणि घुसमटलं. काळा धूर सुटला. खोलीचं झाकण आतल्या ओढीने असं घट्ट बसलं की दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे उघडलं.

"कोणी केलं हे?" मालक कडाडला.

"चूक माझी," साडू म्हणाला. "पट्ट्या धरायला विसरलो. झरोके दुप्पट करावे लागतील."

मालकाचा पारा उतरला. "चूक कबूल करणारा माणूस मिळतो कुठे हल्ली!" मग तो पत्रेवाल्याकडे वळला. "आणि काय हो, कापताना तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं की! पत्रेवाल्याच्या अगदी जिभेवर आलं. पण आता सांगायची सोय कुठे होती?

साडूच त्याची बाजू घ्यायला धावला. "दादांना कशाला बोलता, मालक? ते बिचारे सांगितलं तसं कापतात. त्यांना यातलं काय कळतं!"

"खरं का हो?"

"हो मालक," पत्रेवाला म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही."

मालकाने तिथल्या तिथे साडूला मिस्त्री करून टाकलं.