दसऱ्याला देतो म्हटलेली गाडी

वसमतला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. हळद पॉलिश करायचे ड्रम, लोखंडी बैलगाड्या, असली कामं. हात चांगला होता, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. भंगारात एक मोठी बॅटरीवर चालणारी मोटर हाती लागली आणि डोक्यात खूळ शिरलं, की हिच्यावर माल वाहायची गाडी बनवायची. मागे हौदा, पुढे एका माणसाची सीट. डिझेल नको, वैरण नको.

हे खूळ मी सगळ्यांत आधी दाजींना सांगितलं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्याला. त्यांचं गाव हट्ट्याजवळ. शेत थोडकं, पण बैलजोडी होती. लोकांची हळद शेतातून शिजवायच्या जागी न्यायची, वाळली की वसमतच्या मोंढ्यात विक्रीला आणायची, यावर त्यांचं घर चालायचं. कुणाच्या हाताखाली ते कधी राबले नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्या साली बैल थकले होते आणि नवी जोडी बघणं चाललं होतं. मी मध्येच तोंड घातलं.

"दाजी, जोडी काहून घेता? दसऱ्याला गाडी दारात उभी करतो."

"बराबर चालंल ना?"

"पैज लावा."

पैज त्यांनी लावली नाही, बैल विकले. पोळा होऊ दिला, शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली आणि पुढच्या बाजारात जोडी देऊन आले. त्या दिवशी अक्का जेवली नाही, हे मला फार नंतर कळलं.

आता खोटं कशाला बोलू? दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी तयार होती. सरकीची दहा पोती टाकून मी ती मोंढ्यापर्यंत नेऊन आणली होती. फक्त ओढ्याच्या चढाला पुढचं एकुलतं चाक हलकं पडायचं, कारण बॅटऱ्या मी मागे बसवल्या होत्या. दाजी आले, स्वतः एक चक्कर मारली, आणि उतरले ते हसतच.

"हाय तशी द्या. चढाला पोती फुडं सरकवीन मी."

पण समोरच्या हॉटेलवाल्याने आदल्या दिवशी चार माणसांत विचारलं होतं, "मिस्तरी, ही गाडी हाय का बाज?" ते मला झोंबलं होतं. मी दाजींना सांगितलं, असली अर्धीकच्ची गाडी मी देत नसतो. जसं काही त्यांच्याच जिवाची मला काळजी होती. काळजी कसली, लोक हसतील याची भीती होती.

काम आठ दिवसांचं होतं. पण नवी गाडी मुहूर्त सोडून आडदिवशी घरी न्यायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. दसरा हुकला म्हणून दिवाळीचा पाडवा धरला. तोवर मी बॅटऱ्या हौद्याखाली घेतल्या, मग वाटलं काळ्या रानातला चिखल त्यांच्यात जाईल. पाडवा गेला. पुढचा मुहूर्त थेट गुढीपाडवा. मग तीनाऐवजी चार चाकं बरी वाटली, आणि अख्खा सांगाडा कापला. लोडशेडिंग इतकं, की चार्जिंग पुरेल का याचा वेगळाच घोर. एक शंका मिटली की दुसरी उकरून काढायची मला सवयच लागली. दाजी दर बाजाराला दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, "काय करून राहिलात?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, "झालंच."

मध्ये हळदीचा हंगाम आला. गावाची हळद दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेली. एकदा मोंढ्यात मी बघितलं, तर त्या ट्रॅक्टरवरून पोती उतरवणाऱ्यांत दाजी होते. पाठीवर पोतं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड वळवलं. तोंड खरं तर मी लपवायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर दुकानात येऊन परत मापं घेत बसलो. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुढीपाडवाही गेला. शेवटी अक्षय तृतीयेला गाडी घेऊन गेलो. चार चाकं, रंग, सगळं झकास. दाजी दुसऱ्या दिवशी औरंगाबादला निघणार होते, एका गोदामावर वॉचमन म्हणून. गावाने पुढच्या सालासाठीही ट्रॅक्टरवाल्यालाच सांगून ठेवलं होतं.

मी चुलीजवळ अक्काशी बोलत बसलो. म्हणालो, "मला शिव्या तरी द्यायच्या होत्या."

"दिवाळीलाच तू जमत न्हाई म्हनला असतास, तर बैलाचे पैसे तवा घरातच होते," ती म्हणाली. "मी रोज म्हनायचे, जोडी आना. तर हे म्हनायचे, मेव्हना राबून राहिला, आता जोडी आनली तर त्याच्या मनाला लागंल."

बाहेर दाजी गाडीला हार घालत होते.