रखवालदाराची करंगळी

पंपाच्या कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणारा तो माणूस एकतीस वर्षं एकाच वाक्यावर जगला: कार्डावर आहे ते खणात असलंच पाहिजे. वॉशर असो, बेअरिंग असो, प्रत्येक खणाला एक कार्ड लटकवलेलं. खण रिकामा झाला की तो कार्डावर लाल शाईनं लिहायचा, 'जागा रिकामी'. तपासणीवाले येत, हाताला लागेल तो खण उघडून बघत आणि मान डोलावून निघून जात. कुणाला कधी बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

हीच सवय त्यानं घरी नेली, पण तिथे खण नव्हते. तिथे होता म्हातारा.

म्हातारा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांपूर्वी वारलेला एक लेखक. हयातीत त्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या गोष्टी अंगावर काटा आणणाऱ्या असत, पण त्यात भूत कुठेच नसे. एक नावाडी, ज्याच्या नावेतून पलीकडे उतरणारी माणसं चढताना होती त्यापेक्षा हलकी भरतात. बंद पडलेल्या गिरणीचा रखवालदार, जो रोज संध्याकाळी खिडक्या मोजतो आणि रोज एक खिडकी जास्त भरते. अशा तीन बारक्या पुस्तकांतल्या प्रत्येक माणसाचं, जिन्याचं, दिव्याचं, वासाचं स्टोअरकीपरनं एकेक कार्ड केलं होतं. बुटांची चार खोकी भरली होती. बायको त्यांना सवत म्हणायची. "तुमच्या लाडकीला पुसून ठेवलंय," असं धूळ झटकता झटकता सांगायची. "मेली खात नाही, पीत नाही, माझ्यापेक्षा बरी."

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत म्हाताऱ्याचे भक्त जमत. तिथला नियम एकच. कुणी काही ठासून सांगू लागलं की बाकीचे ओरडत, "कार्ड काढा!" मग स्टोअरकीपर खोक्यात हात घालायचा आणि कार्ड वाचून दाखवायचा. त्यावर पुढे वाद नाही. पुस्तकं बाजारातून कधीच संपली होती, फार थोड्यांकडे उरली होती. हळूहळू लोक म्हाताऱ्याला विसरले आणि कार्डं त्यांना पाठ झाली.

माणसंही गळत गेली. अकरा होते, सात झाले, शेवटी चौघे. स्टोअरकीपर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, एक शिंपी आणि दातांची डॉक्टरीण. तेच वाचायचं, तेच बोलायचं. मास्तर एकदा म्हणाले होते, "लेका, आपण चौघं एका प्रेताभोवती बसून त्याचे केस विंचरतोय." त्यावर सगळे हसले होते. मास्तर हसले नव्हते.

मग गेल्या वर्षी मास्तरांना रद्दीच्या दुकानात वही सापडली. म्हाताऱ्याच्या नऊ न छापलेल्या गोष्टी. वही भिजून लगदा झाली होती, हात लावला की कागद सुटत होता, म्हणून मास्तरांनी रात्रंदिवस बसून त्यांची नक्कल केली. एका प्रकाशकानं त्यातल्या पाच गोष्टींचं पुस्तक काढलं. बघता बघता शनिवारच्या खोलीत तीस-तीस माणसं येऊ लागली, त्यात कॉलेजातली पोरं, पोरी.

पाचातली सगळ्यांची लाडकी गोष्ट त्याच जुन्या रखवालदाराची. तो खिडक्या डाव्या हाताच्या बोटांवर मोजतो, आणि त्या हाताला करंगळी नाही. पण मोजताना तो नसलेलं बोटही धरतो. जास्तीची खिडकी त्या बोटाची. 'करंगळीची जागा रिकामी. तिथेही एक खिडकी.' ही ओळ गोष्टीत चार वेळा येते. स्टोअरकीपरनं ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याला भरून आलं होतं. म्हातारा जणू त्याच्याच भाषेत बोलत होता.

सगळ्यांनाच ती बिनबोटाची खूण जुन्या गोष्टीतून आठवत होती. रखवालदाराला करंगळी नाही हे कार्डावर होतंच.

आता प्रकाशकाला आणखी एक पुस्तक काढायचं होतं, कारण मास्तरांच्या नकलेत अजून चार गोष्टी होत्या. पण या गोष्टी म्हाताऱ्याच्याच कशावरून, अशी बाहेर कुजबुज सुरू झाली होती, म्हणून गटानं खात्रीचं पत्र द्यावं, ते पुस्तकाच्या सुरुवातीला छापू, असं ठरलं. बुधवारी डॉक्टरिणीचा फोन आला.

"काका, पत्रात तुमच्या रखवालदाराच्या कार्डाचा उल्लेख करतेय. पान नंबर एकदा पुस्तकावरून ताडून बघाल?"

"कार्ड आहे ना."

"आहे हो. पण छापलं जाणार आहे, म्हणून आपलं."

त्याला जरा लागलंच. तरी गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं स्टोअरच्या टेबलावर डबा बाजूला सारला आणि म्हाताऱ्याचं जुनं पुस्तक उघडलं. पान एक्केचाळीस.

करंगळी होती. नाहीशी झालेलीच होती. पण ती नावाड्याची होती. 'कुणी चावून नेल्यासारखी,' असं लिहिलं होतं. रखवालदाराची गोष्ट सुरू होत होती त्रेचाळिसाव्या पानावर. ती त्यानं तीनदा वाचली. सत्तेचाळिसाव्या पानावर रखवालदार दहाही बोटं जाळीत अडकवून उभा होता. दहाही.

स्टोअरच्या खिडकीवर कुणीतरी गॅस्केट मागत होतं. त्यानं उठून दिलं. दोन मिनिटांनी तो माणूस परत आला. "साहेब, हे मोठं दिलंत." एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

कार्डावर त्याच्याच अक्षरात, लाल शाईनं होतं: 'रखवालदार. डावा हात. करंगळीची जागा रिकामी. पान ४१.' खाली तारीख. ती मुलीच्या जन्माची तारीख होती. प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून, दोन कार्डं मांडीवर घेऊन, कान दाराकडे लावून त्यानं ते लिहिलं होतं. नावाड्याचं बोट रखवालदाराला लागलं ते त्या दुपारी.

'जागा रिकामी' हे शब्द म्हाताऱ्याचे नव्हते. ते स्टोअरचे होते. करंगळीशी जोडलेले ते या कार्डाखेरीज जगात कुठेच नव्हते. शनिवारी तो कार्ड वाचून दाखवायचा तेव्हाही फक्त 'करंगळी नाही, पान एक्केचाळीस' एवढंच म्हणायचा. लाल शाई पाहिलेला माणूस एकच. वही सापडण्याआधी मास्तरांनी चारही खोकी आठ महिने घरी नेऊन ठेवली होती. स्टोअरकीपरनंच ती जिन्यावरून उतरवून त्यांच्या गाडीत ठेवली होती.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.

"म्हणजे चूक माझ्या पोटात दुखत होतं म्हणून झाली."

"मी तुला बोल लावतोय का?"

"मग गप्प बसा. कार्ड बरोबर आहे म्हणून सांगा. मास्तर खूश, पोरं खूश, प्रकाशक खूश. तुमची सवतही खूश."

"कार्ड बरोबर नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं दर रविवारी त्याच्याकडे येणारं माणूस एकच होतं, मास्तर. मुलीच्या शाळेची पहिली चित्रं त्यांनीच काढून दिली होती, इतकी सुबक की बाईंनी ती खोटी म्हणून परत केली होती.

"खाडाखोड करा आणि गप्प बसा," ती शेवटी म्हणाली. "गोष्टी कुणाच्या विचारलं तर सांगा, बायकोनं लिहिल्या. तेवढंच माझं नाव होईल."

शनिवारी खालच्या मजल्यावरून खुर्च्या मागवाव्या लागल्या. मास्तर नवा शर्ट घालून आले आणि त्याच्या शेजारी बसले. "बघ लेका," त्यांनी कोपरखळी मारली, "आज उभं राहून ऐकणारी माणसं आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं मांडीवरचं खोकं घट्ट धरलं.

डॉक्टरिणीनं पत्र वाचलं. करंगळीपाशी ती थांबली, हसली. "आणि आता तुम्ही सगळे म्हणा."

"कार्ड काढा!" तीस तोंडं एकदम ओरडली.

तो उभा राहिला. "कार्ड चुकलंय," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, काकांनी विनोद केला. मग गुरुवारी ताडून बघितल्याचं सांगून त्यानं पान एक्केचाळीस वाचलं, पान सत्तेचाळीस वाचलं, आणि पुस्तक डॉक्टरिणीच्या हातात दिलं. ती वाचत असताना मागची माणसं पुढे वाकून बघत होती. शेजारी मास्तर हलले नाहीत.

"अहो, मला तर चांगलं आठवत होतं," शिंपी पुटपुटला. "रखवालदारच."

"सगळ्यांनाच आठवत होतं," डॉक्टरीण म्हणाली.

मागून एक पोरगा उठला. "त्यात काय एवढं? म्हाताऱ्यानं नंतर तोडलं असेल बोट. त्याचा रखवालदार, त्याचं बोट. आपण कोण विचारणारे?"

खोलीनं सुटकेचा श्वास टाकला. "बरोबर आहे!" "आणि काका, एक कार्ड चुकलं म्हणजे बाकीच्यांचा काय भरवसा?" "इतकी वर्षं आम्हाला दुसऱ्याचं बोट विकलंत की हो!" हशा झाला. डॉक्टरिणीनं हात वर केला. "कार्डाचा उल्लेख काढते. बाकी पत्र तसंच. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर जाऊ लागले. दहा, पंधरा. आता खाली बसलं की काम झालं असतं. कार्ड चुकलं हे सांगून झालं होतं, खोटं बोलावं लागलं नव्हतं, आणि मास्तर उद्या रविवारी नेहमीसारखे आले असते. त्याचे पाय मात्र वाकले नाहीत.

"एक राहिलं," तो म्हणाला. "'जागा रिकामी' हे म्हाताऱ्याचं नाही. ते मी लिहितो, स्टोअरमध्ये. या कार्डावर आहे, लाल शाईनं. बघा. नव्या गोष्टीत ते चारदा आलंय. ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं हे कार्ड वाचलंय. कार्ड एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे, म्हातारा अठ्ठावन्न वर्षांपूर्वी गेला."

हात तसेच हवेत राहिले, मग एकेक खाली आले. कार्ड हातोहात फिरलं. डॉक्टरिणीचा आवाज बदलला.

"काका, ही खोकी कुठे असतात?"

"माझ्या घरी."

"आणि कुणाकडे?"

त्याची नजर समोरच्या भिंतीवर होती, कारण शेजारी बघितलं असतं तर तेच उत्तर झालं असतं.

"काका, मी विचारतेय."

"घरीच असतात," तो म्हणाला.

शिंप्याचा चेहरा आधी पडला. मग एका पोरीनं जवळजवळ कुजबुजत म्हटलं, "म्हणजे काकांनीच?" ते शब्द पुढून मागे गेले आणि मागून मोठे होऊन परत आले. "सगळं काकांनीच रचलं!" "आणि वर स्वतःच पकडून देतायत!" "नाटक बघा!" पोरगा खुर्चीवर चढला. "काका, नऊच्या नऊ गोष्टी तुमच्या? बोला की!"

नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयार होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या खणात काहीतरी होतं आणि कार्डावर त्याची नोंद नव्हती.

"याच्या?"

मास्तर उठून उभे राहिले होते. आवाज चिरका झाला होता, रागानं की कशानं, सांगता आलं नसतं.

"याच्या गोष्टी? याला रजेची चिठ्ठी धड लिहिता येत नाही! ती मी लिहून देतो. जास्तीची खिडकी याला सुचेल? सात महिने, सात महिने मी त्या खिडकीपाशी बसलो होतो!" ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना खोलीच्या शांततेत ऐकू आलं असावं. मग ते हळू म्हणाले, "मी लिहिल्या. नऊही. लिहा तुमच्या पत्रात."

पत्रात कुणी काही लिहिलं नाही. लोक गटागटानं बोलू लागले, काही भांडू लागले, दोन पोरी रडवेल्या झाल्या. मास्तरांकडे कुणी गेलं नाही. ते काठी शोधून जिन्याकडे निघाले तेव्हा स्टोअरकीपर मागोमाग गेला.

जिना अरुंद, पायऱ्या उंच. मास्तरांचे गुडघे गेलेले, म्हणून दर शनिवारी तो त्यांचा कोपर धरायचा. आज त्यानं हात पुढे केला आणि मास्तरांनी तो झिडकारला. तीन पायऱ्या एकटे उतरले. चौथीवर काठी घसरली. स्टोअरकीपरनं कोपर पकडला, आणि या वेळी तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"चुकीचं कार्ड दिलंस मला," मास्तर खाली बघत म्हणाले.

"माहीत नव्हतं मला."

"आधी येऊन सांगायचं होतंस. गुरुवारी कळलं ना? शुक्रवार अख्खा होता."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

मास्तर आणखी दोन पायऱ्या उतरले.

"दुसरी खूण शोधली असती," ते म्हणाले.

ते खरं होतं, आणि हे खरं मास्तर फक्त त्याच्याशीच बोलू शकत होते. त्याला राग आला, आणि रागानं त्याची पकड घट्ट झाली. वरून पावलं वाजू लागली होती, खाली यायला वाट बघणारी माणसं जिन्याच्या तोंडाशी जमली होती. त्यानं मागे वळून बघितलं नाही. एकेक पायरी, आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा, असं करत त्यानं मास्तरांना रस्त्यावर आणलं. मग त्यानं त्यांचा कोपर सोडला. मास्तर क्षणभर तसेच हात किंचित वर धरून उभे राहिले, आणि मग काठी टेकत निघून गेले.