कापसाच्या खोलीतला वारा

गाद्या-उशांच्या दुकानावरच्या माडीवर सगळ्या बायका तिला थोरली म्हणत. वयाने ती काही सगळ्यांत मोठी नव्हती. पण तिची सख्खी जाऊ त्याच टेबलाला समोर बसून उशा शिवायची. तिला सगळ्या धाकटी म्हणायच्या, म्हणून ही आपोआप थोरली झाली.

थोरलीच्या मनात एखादी गोष्ट आली की तिला दम निघत नसे. चाळिशी उलटल्यावर ती सायकल शिकली आणि पहिल्याच दिवशी भाजीच्या हातगाडीत घुसली. घरी साबण करायला घेतला, तो इतका पातळ झाला की चमच्याने काढून अंगाला लावावा लागे. बोलणं तर विचारूच नका. नवरा म्हणायचा, "हिला बंद करायचं बटण कुठे असतं, कुणाला ठाऊक आहे का रे?"

नवरा गेला आणि ती खरोखरच बंद पडली. मुलगा-सून कामावर जायची, दिवसभर घर रिकामं. तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी धाकटी एक दिवस आली, तिला हाताला धरून उठवलं आणि थेट या माडीवर आणून बसवलं. "भिंतीशी बोलण्यापेक्षा माझ्याशी बोला, जाऊबाई," म्हणाली. तेव्हापासून थोरली कापूस पिंजून खोळीत भरते, धाकटी तोंड शिवते. उशीचं तोंड. थोरलीचं तोंड शिवणं कुणालाच जमलं नाही, असं धाकटी नेहमी म्हणे.

माडी लांबट, बुटकी, वर पत्रा. छताला पंखा होता, पण त्याच्या बटणावर मालकाने चिकटपट्टी मारून ठेवली होती. एकदा एका नव्या बाईने न विचारता तो लावला होता. पापणी लवायच्या आत खोलीत ढग उतरला. बायकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, आणि खाली गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या चहात कापूस तरंगू लागला. तेव्हापासून पंखा बंद. गल्लीकडची खिडकी बंद. जिन्याचं दारही बंद, कापूस खाली दुकानात जायला नको म्हणून. उन्हाळ्यात पत्रा तापला की खोली भट्टीसारखी व्हायची.

अशाच एका दुपारी धाकटीने हातातल्या उशीवर डोकं टेकलं.

"अगं, गिऱ्हाइकाच्या उशीवर झोपू नकोस," थोरली म्हणाली. सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही, हललीही नाही. मग मात्र एकच धावपळ उडाली. कुणी पाणी मारलं, कुणी पदराने वारा घातला, थोरलीने तर तिला उचलूनच खाली दुकानात नेलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असल्या उकाड्यात पुन्हा बसायचं नाही. धाकटीच्या नवऱ्याने आठवड्याभरात तिच्यासाठी दुसरं काम पाहिलं. मोठं दुकान, गारेगार, कपड्यांच्या घड्या घालायच्या. महिना संपला की तिकडे जायचं ठरलं.

"छान झालं हो," थोरली म्हणाली. त्या दिवशी तिने भरलेल्या उशा मालकाने परत पाठवल्या. एक दगडासारखी घट्ट होती, दुसरीत नुसती खोळच.

रात्रभर तिने कूस बदलली. धाकटी गेली तर समोरच्या स्टुलावर कोण बसणार? दुसरी कुणीतरी बसेल, पण तिच्याशी हे सगळं बोलायचं कसं? पहाटे ती ताडकन उठून बसली. उकाडा गेला तर धाकटी कशाला जाईल?

आधी तिने खिडकी उघडून तिच्यावर ओलं गोणपाट टांगलं. वारा गार येऊ लागला खरा, पण दमट. दोन दिवसांत कापसाने ओल धरली, उशांमध्ये गोळे झाले.

"काकू, या उशा आहेत की कणकेचे गोळे?" मालकाचा पारा चढला. "झोपेल कोण यावर?"

गोणपाट गेलं. खिडकी पुन्हा बंद झाली. महिना मात्र पुढे सरकत होता.

गल्लीपलीकडे लाँड्री होती. तिच्या मालकाला सगळे इस्त्रीकाका म्हणत, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कधी हसण्याची सुरकुती पडायची नाही. थोरली तिथे चादरी द्यायला गेली आणि दारातच थबकली. आत गरम पाण्याचे पिंप, तापलेल्या इस्त्र्या, वाफच वाफ. तरी काकांचा सदरा कोरडा ठणठणीत.

"काका, तुम्हाला घाम कसा नाही?"

"पंखा आहे."

"कुठाय? वारा तर लागत नाहीये."

"लागायला लावलाच नाही." काकांनी मागच्या भिंतीवर, अगदी वर, बोट दाखवलं. तिथे एक एक्झॉस्ट पंखा घरघरत होता. "वारा आत मारत नाही तो. वाफ बाहेर ओढतो. जेवढी बाहेर जाते तेवढी नवी हवा दारातून आपसूक येते. हळूहळू."

थोरलीने दाराच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा खालून आत फुगला होता, पण इतका अलगद, की कुणी झोपेत श्वास घेतंय असं वाटावं.

"एवढ्याशा वाऱ्याने कापूस उडेल?"

"मी कपडे धुणारा, वहिनी. कापसाचं तुम्हीच बघा."

थोरलीने चादरी तिथेच टाकल्या आणि धूम ठोकली. मागून काका ओरडले, "अहो, जुना एक पंखा पडून आहे माझ्याकडे! हवा तर न्या!" ती अर्ध्या गल्लीतून परत फिरली आणि पंखा कडेवर घेऊनच दुकानात शिरली, जसं काही पोर उचलून आणलंय.

मालक आधी नाहीच म्हणाले. मग थोरली बोलत सुटली. गिऱ्हाईक आलं, गेलं, दुसरं आलं, तरी ती बोलतच होती. शेवटी मालकांनी हात जोडले. "लावा! पण कापूस गल्लीत दिसला, तर त्याच दिवशी पंखा खाली. मग रडायचं नाही."

वायरमन आला. खोलीच्या गल्लीकडच्या टोकाला, खिडकीच्या बरोबर वर, पत्र्याखाली त्याने पंखा बसवला. थोरलीचे पाय जमिनीवर नव्हते. "गरम हवा वरच जमते ना? तिथूनच ओढायची!" ती प्रत्येकीला सांगत होती. आणि उत्साहाच्या भरात तिने पंख्याखालची खिडकीही सताड उघडली. "पंखा पण, खिडकी पण! दुप्पट वारा!"

बटण दाबलं. पंखा गरगरला. बायकांनी कापसाच्या ढिगांवर हात दाबून धरले, डोळे मिटून घेतले.

कापूस उडाला नाही. पण उकाडाही तसूभर हलला नाही. थोडा वेळ गेला. धाकटीच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून सुईवर पडला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "आवाज मात्र गार आहे हं."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. थोरली मटकन खाली बसली. हातात कापसाचा एक पुंजका होता, त्यातला नखाएवढा कापूस तिने नकळत तोडला आणि सोडला. तो सरळ तिच्या मांडीवर पडला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा मांडीवर. ती उठली, खिडकीशी गेली आणि तिथे सोडला. तो झपकन वर गेला आणि पंख्यात गडप!

"अगं बाई!" ती किंचाळली. "अगं, हा वारा खिडकीतून येतोय आणि तसाच वर पंख्यातून जातोय! पाणीही न पिता दारातूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखा! आत येतच नाहीये तो!"

"मग?" धाकटीने सुई खाली ठेवली.

"मग खिडकी बंद करायची!"

माडीवर एकच कल्ला झाला. "उकडतंय म्हणून खिडकी बंद? डोकं फिरलंय का?" "आधीच जीव घुसमटतोय!" थोरलीने कुणाचं ऐकलं नाही. खिडकी धाडकन लावली. "आता जिन्याचं दार उघडा! पलीकडच्या टोकाचं! आत यायचं तर अख्खी खोली ओलांडूनच यावं लागेल त्याला!"

दाराजवळ धाकटी होती. तिने कडी काढली. जिन्यातून, खालच्या फरशीवरून, गारवा वर आला. तिने चिमूटभर कापूस हवेत सोडला.

तो तिथेच लटकला. जावं की न जावं असा विचार करत असल्यासारखा. मग हळूच निघाला. दारातून आत, पहिल्या टेबलावरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून.

"म्हातारी निघाली, म्हातारी!"

"कोणाला म्हातारी म्हणतेस गं?"

"तुला नाही, तिला! बघ बघ, वर चढली!"

दोन-दोन नातवंडांच्या आज्या टेबलांमधून त्या पुंजक्यामागे धावत होत्या. कुणी हात लावू देईना. पुंजका डुलत डुलत खोलीभर फिरला आणि शेवटी पंख्याकडे ओढला गेला. टेबलांवरचे कापसाचे ढीग जागचे हलले नव्हते. पण प्रत्येकीच्या मानेवरचे सुटे केस हलत होते. धाकटीने पदर सैल केला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "आहाहा," एवढंच ती म्हणाली. थोरलीने टाळ्या पिटल्या, आणि मग सगळ्यांनीच पिटल्या.

तेवढ्यात खालून इस्त्रीकाकांची आरोळी आली.

त्यांच्या अंगणात बँडवाल्यांचे काळे कोट वाळत होते. खोलीतले चुकार धागे पंख्याने नेमके त्यांच्यावर नेऊन टाकले होते. कोट असे दिसत होते, जणू सगळा बँड एका दिवसात पिकला. मालक धडधडत वर आले. "काय ठरलं होतं, काकू? पंखा खाली!"

थोरली तशीच गल्लीत उतरली आणि ओल्या फडक्याने एकेक कोट पुसू लागली. हात चालला होता, डोळे भरून आले होते. आता महिन्याचे थोडेच दिवस उरले होते.

कोट पुसून ती वर आली, तर पंखा अजून जागेवरच होता. त्याखाली स्टुलावर धाकटी उभी. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. मालक खालून स्टूल धरून उभे होते.

"पंख्याला खोळ घालायची," धाकटी टाचण्यांमधून बोलली. "मच्छरदाणीच्या कापडाची, मोठी, पिशवीसारखी. हवा जाईल, कापूस अडकेल. चिकटून नाही लावायची, नाहीतर पंखा तीच ओढून घेईल. हातभर पुढे चौकटीवर ताणून लावू. रोज काढायची, झटकायची."

"उशांना खोळ घालणारी तू," थोरली म्हणाली, "पंख्याला कुठे सोडणार!"

दुसऱ्या दिवशी खोळ चढली. परीक्षा घ्यायला इस्त्रीकाका स्वतः आले. एक काळा कोट दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून ते पंख्याखाली गल्लीत उभे राहिले. जाणारे-येणारे बघत होते, बायका खिडकीच्या काचेला नाकं लावून बसल्या होत्या. बराच वेळ झाला. काकांनी कोट खाली घेतला, उलटा केला, सुलटा केला. एक धागा नाही! आणि त्या इस्त्री केलेल्या चेहऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, एक सुरकुती पडली.

त्यानंतर रोज भर दुपारीही धाकटी तिथेच बसून शिवत होती. चक्कर नाही, डोकं जड नाही. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. कामं आटोपली, बायका खाली उतरल्या. धाकटी सुयांची डबी आवरू लागली.

थोरलीची टकळी चालूच होती. खोळ दोन करून घेऊ, म्हणजे एक धुता येईल. पावसाळ्यात पंखा हळू ठेवू. वायरमनला विचारायला हवं...

"जाऊबाई," धाकटीने डबी ठेवली. "पंखा आणलात. खिडकी बंद केलीत. बँडचे कोट पुसलेत. मालकांचं डोकं खाल्लंत. सगळ्या गल्लीशी बोललात. मला एकदा तरी म्हणालात का, राहा म्हणून?"

थोरलीचं तोंड उघडं राहिलं. "अगं, पण तुझं तिकडे भलं असेल तर मी कोण..."

"ते मला विचारलंत?"

पंखा घरघरत होता. थोरलीने एक रिकामी उशीची खोळ हातात घेतली, खाली ठेवली. पुन्हा घेतली.

"राहा," ती म्हणाली.

पुढे एक शब्दही तिला सुचेना. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, वाट पाहत. पुढे काहीच आलं नाही, तेव्हा तिने डबी उघडून पुन्हा टेबलावर ओतली.

"मग सरका तिकडे. दाराकडची जागा माझी, तिथे वारा जास्त लागतो. आणि ह्यांना तुम्ही सांगायचं. माझं ऐकायचे नाहीत, डॉक्टरांचं नाव पुढे करतील."

"त्याला?" थोरली उसळून उभी राहिली. "त्याला मी घेऊन येते इथे! ह्या स्टुलावर बसवते भर दुपारी! डॉक्टरांनाही आणते! कुठे असेल तो आत्ता, घरीच ना?"

"अहो, उद्या सांगा..."

पण थोरली जिन्यात पोचलीसुद्धा होती. ती अशा झपाट्याने गेली की टेबलावरचा अख्खा ढीग मागे उडाला आणि माडीभर कापूसच कापूस झाला.

"जाऊबाई!" धाकटी जिन्यात वाकून ओरडली. "अहो, चपला तरी घाला!"