इंदूताईंचा अंतरपाट

इंदूताईंच्या डाव्या खांद्यावर, पदराच्या घडीत, दोरा ओवलेली एक सुई कायम टोचलेली असे. बाजारात, हळदीकुंकवाला, डॉक्टरांकडे, एवढंच काय, कुणाच्या मयताला जातानासुद्धा ती सुई त्यांच्या खांद्यावरून उतरत नसे. आम्ही सिडकोत नवीन राहायला आलो तेव्हा पाण्याच्या टाकीची चौकशी करायला त्या समोरच्या घरातून आमच्याकडे आल्या, आणि त्यांना पुढे घालून घर दाखवावं म्हणून मी सहज खांद्यावर हात ठेवला. बोटातून टचकन रक्त आलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "बघून हात लावायचा," एवढंच म्हणाल्या आणि थेट आमच्या टीव्हीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

टीव्हीवर मी क्रोशाने विणलेला रुमाल होता. तो काळच तसा होता. टीव्ही, फ्रीज, फोन, मिक्सर, सगळ्यांना मी कपडे घातलेले होते. आमच्या घरात उघडे असत ते फक्त हे, तेही उन्हाळ्यात बनियन काढल्यावर. इंदूताईंनी रुमाल उचलला, नाकाशी धरावा इतका जवळ नेला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथं कोण आलं होतं गं घरी? हात आवळला तुझा." आठवून पाहिलं तर ती ओळ विणताना आमच्या मोठ्या जाऊबाई मुक्कामाला होत्या. मी चाटच पडले. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या मनाचा एवढा पत्ता कुणी लावला नव्हता. त्या क्षणापासून मी त्यांची झाले, हे कबूल करायला आज मला मुळीच आवडत नाही.

त्यांचं माहेर नामपूरचं. एरवी बोलणं शहरी, पण एखादं काम मनापासून आवडलं की माहेर बाहेर पडे. "हाई भारी शे!" असं म्हणाल्या की समजावं, पास झालो. त्यांच्या हातात भरतकाम होतं आणि क्रोशा त्यांना जमत नसे. माझं नेमकं उलटं. मग ठरलं की वर्षातून एकदा, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, मी माझ्या हातचं एक त्यांना द्यायचं आणि त्यांनी त्यांच्या हातचं एक मला. वाटली डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि सगळ्या बायका गेल्या की कागदात गुंडाळलेली ती वस्तू. मी ताटावर झाकायचा थाळपोस दिला, तोरण दिलं, देव्हाऱ्याचा पडदा दिला. त्यांच्याकडून मला उशांचे अभ्रे आले, शाल आली, मंजिरीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, परकर आला. त्या परकराच्या घेरावर भरलेले पोपट बघायला शाळेतल्या बाई तिला वर्गात उभं करत.

या देवाणघेवाणीला इंदूताईंचा एकच नियम होता. मागायचं नाही. काय करताय, कुठवर आलं, कधी देणार, यातलं काही म्हणजे काही विचारायचं नाही. "मागून घेतलेलं काम म्हणजे शिवणावळ," त्या म्हणत. "त्याला शिंपी बसलेत की रविवार कारंजावर. तिकडे जा." एका वर्षी चैत्र कोरडाच गेला. त्या रिकाम्या हाताने आल्या, डाळ खाऊन गेल्या. मी आतल्या आत खदखदत राहिले पण तोंडातून ब्र काढला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आल्या तेव्हा काखेत पुडकं होतं. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम केलेली साडी! म्हणाल्या, "विचारलं असतंस तर चैत्रातच दिली असती, साधी. विचारलं नाहीस म्हणून पदरावर वेल काढत बसले." तेव्हापासून गप्प बसण्याचं मला व्यसनच लागलं.

मग त्यांच्या अर्चनाचं लग्न ठरलं. येवल्याचं सासर. घरात पैठणीचे माग, त्यामुळे सुईदोऱ्याची नजर घरातल्या मांजरालासुद्धा. इंदूताई पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या. अर्चना हुशार मुलगी, बँकेच्या परीक्षा देणारी, पण तुटलेलं बटण लावायचं तर आईला हाक मारायची. "रुखवतात काय मांडू गं?" इंदूताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, मागायचं नव्हतंच. मीच आपणहून डबलबेडची क्रोशाची चादर घेतली अंगावर. चौकोन विणून विणून जोडत गेले. खांदा धरला, चष्म्याचा नंबर वाढला, ह्यांनी आठवडेच्या आठवडे खिचडी खाल्ली. लग्नाच्या हॉलमध्ये ती चादर रुखवताच्या मधोमध मांडली होती आणि पुढे पाटी होती, 'सर्व वस्तू चि. सौ. कां. अर्चना हिने स्वहस्ते तयार केल्या आहेत.' मला वाईट वाटलं नाही. अशी पाटी प्रत्येक रुखवतापुढे असते आणि ती वाचताना सगळ्याच बायका सभ्यपणे दुसरीकडे बघतात. अर्चनाच्या सासूबाई मात्र चादरीपाशी बराच वेळ उभ्या होत्या.

त्याच गर्दीत इंदूताईंनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. "मंजिरीचा अंतरपाट माझ्याकडे," म्हणाल्या. "असा भरीन की भटजी मंगलाष्टकं विसरतील." मी मागितलं नव्हतं. हे मी पुन्हा सांगते, मी मागितलं नव्हतं.

अंतरपाट कधीमधी दिसे. त्यांच्याकडे गेलं की गोल चौकटीत ताणलेला असायचा. पैठणीवर असतात तसे दोन मोर, समोरासमोर, पिसारे खाली सोडलेले, आणि मधे दोन नावांपुरती जागा मोकळी. नावं शेवटी भरायची. मंजिरीने एकदा त्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आमची मंजिरी कधी काही न मागणारी मुलगी. लग्न ठरल्यावर सोन्याचं विचारलं तर म्हणाली, "तुला जमेल ते कर. मला इंदूमावशीचा अंतरपाट आहे." सासरी सांगून बसली, मैत्रिणींना सांगून बसली. मार्गशीर्षात साखरपुडा झाला तशी मी जाऊन ताईंना जावयाचं नाव सांगून आले, निनाद. त्यांनी मान हलवली. नंतर चैत्रात त्या आल्या त्या रिकाम्या हाताने. "यंदा तुझ्याकडे कार्य. यंदा देणंघेणं नको," म्हणाल्या. मला वाटलं, बरोबर आहे, एकदम मांडवात देणार. पुढे मंजिरीला केळवणाला बोलावलं, खापरावरचे मांडे करून घातले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अंतरपाटाचं अक्षर नाही. मी विचारलं नाही. वेल काढत असतील.

लग्न दोन दिवसांवर आलं. पाहुणे उतरायला लागले, गुरुजींनी सामानाची आठवण केली आणि मंजिरी म्हणाली, "आई, एकदा जाऊन ये ना." मी गेले. ताई गव्हातले खडे वेचत बसल्या होत्या.

"ताई, तो अंतरपाट..."

"दिला," त्या म्हणाल्या. दूध उतू गेलं हे सांगावं तसं.

"कुणाला?"

"अर्चनाच्या नणंदेचं लग्न झालं ना फाल्गुनात, तेव्हा. विहीणबाई संक्रांतीला आल्या होत्या. चौकट बघितली आणि म्हणाल्या, अर्चनाच्या हातचा दिसतो, मग आमच्याच घरचा झाला की, आमच्या वंदूला होईल. काय बोलणार होते मी? हा माझ्या हातचा म्हटलं की मग ती चादर कुणाची, हे पण निघतं. पोरीचं नाक कापू का सासरी?"

"पण तो मंजिरीचा होता."

"नाव कुठं घातलं होतं?"

मी म्हटलं, "निदान मला सांगायचं तरी. मी दुसरं काही केलं असतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगणार होते मी. तूच बघ ना, इतक्या वर्षांत कधी मागितलं नाहीस, आणि आज दारात येऊन उभी? असं मागतात का गं?"

बायकांनी तुडुंब भरलेल्या घरात परत येऊन मी हे मंजिरीला कसं सांगितलं ते लिहिण्याजोगं नाही. तिच्या लग्नात गुरुजींनी आपल्या पिशवीतून त्यांचा नेहमीचा अंतरपाट काढला. किती लग्नांची हळद त्याला लागली होती कोण जाणे, स्वस्तिक पुसट झालेलं, एक कड उसवलेली. इंदूताई पहिल्या रांगेत बसून अक्षता टाकत होत्या. नंतर माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम असतं गं त्याचं. मंगलाष्टकं संपली की कोण बघतंय!" ज्या बाईने रुमालाच्या एका ओळीवरून माझी जाऊ ओळखली होती, तिला त्या दिवशी माझ्या तोंडावरचं काही वाचता आलं नाही, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. वाचलं असणार. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! मंजिरी त्यावर एकदाच बोलली, मांडवपरतणीला आली तेव्हा. "त्याला कुबट वास येत होता, आई."

पुढच्या चैत्रात ताई आल्या. हातात पुडकं होतं, टेबलक्लॉथ असावा. मी कुंकू लावलं, डाळ दिली, पन्हं दिलं, ओटी भरली. पुडकं उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कामवालीच्या हाती तसंच परत पाठवलं. त्यानंतर समोरासमोर राहून आमचं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'लाइट गेली का' एवढ्यावर आलं. मी क्रोशा सोडला नाही, नातवंडांची टोपरी विणली, पण ओळ आवळली आहे का सैल आहे, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. याचाही मला रागच येई, आणि तो कुणावर काढावा हे कळत नसे.

त्या आजारी पडल्या तेव्हा मी दवाखान्यात गेले ती ह्यांनी फार लावून धरलं म्हणून. बाहेर बाकावर अर्चना बसली होती. मला बघून रडायला लागली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनेच विषय काढला. "काकू, मी सासूबाईंना वंदूच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सगळं सांगून टाकलं होतं. कुणीतरी पाहुणी आली, मला म्हणाली, असली चादर शिकवा. मी किती दिवस खोटं बोलणार?"

"मग?" मी विचारलं.

"सासूबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं वेडे, रुखवत कुठली मुलगी स्वतः करते? माझं सगळं रुखवत माझ्या मावशीनं केलेलं, पाटीवर नाव तेवढं माझं. तो अंतरपाट तुझ्या आईच्या हातचा, हेही मला तेव्हाच दिसलं होतं. दुसऱ्या कुणासाठी केलाय एवढं म्हणाल्या असत्या तर मी कशाला हात लावला असता?"

मी विचारलं, "हे आईला सांगितलंस?"

"तेव्हाच. लगेच फोन केला होता."

म्हणजे मंजिरीच्या लग्नाला वर्ष होतं न होतं तोच इंदूताईंना कळलं होतं की तो अंतरपाट उगीच गेला. कुणाचं नाक कापलं जाणार नव्हतं. आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्यांना आमच्यामधला दहा पावलांचा रस्ता ओलांडून एक शब्द सांगायला यावंसं वाटलं नव्हतं.

आत गेले. ताई फार वाळल्या होत्या. मला ओळखलं, हात पुढे केला, मी धरला. खोटं कशाला बोलू, मी तो एक शब्द ऐकायलाच उभी होते. 'चुकलं' म्हणाल्या असत्या तर मी तिथेच सगळं पोटात घातलं असतं, आणि घरी येऊन मंजिरीला फोन केला असता. त्यांनी माझ्या नातवंडांची नावं विचारली. माझा खांदा दुखतो का विचारलं. मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "शैला, तू त्या दिवशी दारात येऊन मागितलंस ना, ते मला फार लागलं होतं गं. पण जाऊ दे. मी काही मनात ठेवलेलं नाही."

आणि माझा हात थोपटला.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मंजिरी म्हणते, सोड आता, मला तर त्या दिवसातलं निम्मं आठवतही नाही. तिचं बरोबर असेल. पण इंदूताई मला माफ करून गेल्या आहेत, आणि मी त्यांना अजून केलेलं नाही.