ताईच्या खिशातली निळी किल्ली

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. वय एकोणीस, उंची बेताची आणि तोंड म्हणाल तर तोफखाना. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना ती आधी झापते, मग बाहेर काढते. "दहा वेळा बटण दाबलं की लिफ्ट घाबरून लवकर येते का हो?"

तिचा कामातला जोडीदार म्हणजे पाहुणा. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात तो तिला सापडला. सात हात, एकच डोळा आणि भीतीने जांभळं पडलेलं अंग. त्याचं यान त्याला चुकून मागे ठेवून परत आकाशात निघून गेलं होतं. ताईने त्याला आधी झापलं, मग घरी आणलं. आईने "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि तो घरचा झाला. महिन्याभरात तो मोटार खोलायला शिकला, आणि ताईसारखं फटकळ बोलायलाही.

दोघांचा एक नियम होता. कामाआधी ताई लिफ्टची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायची, म्हणजे आत हात असताना कुणी लिफ्ट चालू करायला नको. काम झालं की हाक मारायची, "पाहुण्या, कुठे?" तो ओरडायचा, "आत!" नाहीतर "बाहेर!" 'बाहेर' ऐकल्याशिवाय किल्ली खिशातून निघत नसे.

गेल्या मंगळवारी ते यान त्याला न्यायला आलं. शाळेच्या मैदानात उतरलं आणि लगेच त्याचा दरवाजा अडकला. दुरुस्तीला ताईच गेली, चरफडत. तासाभरात दरवाजा चालू झाला. मग तिने पाहुण्याचे सातही हात एकेक करून हातात घेतले आणि मागे न बघता घरी आली. आईने ताट वाढलं, पण ती नुसता भात चिवडत बसली.

रुमाल काढायला तिने खिशात हात घातला, तर हाती आली निळी, कोमट किल्ली. यानाची! सवयीने काढली होती आणि द्यायची राहून गेली होती. सूर्यास्ताआधी यान निघालं नाही तर त्याची वाट बंद होणार होती, ती थेट चाळीस वर्षांनी उघडणार.

"नाही दिली तर तो इथेच राहील," ताई पुटपुटली.

"मग राहू दे की!" मी म्हणाले. खरं सांगते, मला तेच हवं होतं.

"आणि यानातल्या बाकीच्यांचं काय? त्यांची घरी कुणी वाट बघत असेल ना?" म्हणत तिने पायात बूट सरकवले. आम्ही छाती फुटेस्तोवर धावलो.

यानाच्या दारात पाहुण्यासारखेच दोघे-तिघे हवालदिल उभे होते. ताईने किल्ली पुढे केली आणि तिचा हात थांबला. नियम म्हणजे नियम. या वेळी उत्तर 'आत' येणार हे तिला ठाऊक होतं, तरी ती यानाकडे बघून ओरडली, "पाहुण्या, कुठे?"

उत्तर नाही.

"पाहुण्या, कुठे?" तिचा आवाज फाटला. इतक्या लवकर विसरला म्हणून मलाही रडू आलं.

"बाहेर!"

आवाज आमच्या पाठीमागून आला. पाहुणा धापा टाकत उभा होता, तीन हातांत ताईची हत्यारांची पिशवी धरून.

"ही विसरलीस. द्यायला घरी गेलो, तर तू इकडे!" तो म्हणाला. "आणि मी जात नाहीये. यानातल्या माझ्या आईला विचारलंय. चाळीस वर्षांनी भेटायला येते म्हणाली."

ताईने त्याला आधी झापलं. मग यानातल्यांना किल्ली दिली.